मूलबाळ नाही, मग मागे काय ठेवायचं आणि कुणाच्या हाती? आम्ही दोघांनी केलेली तयारी, पायरी पायरीनं

मागे एकदा एफडी रिन्यू करायला बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आंटी, नॉमिनी कौन?" मी म्हटलं हे. आणि अंकलच्या एफडीला? म्हटलं मी. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, हे तेव्हा खिशात चष्मा शोधत होते आणि चष्मा कपाळावर होता, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "और उसके बाद?"

घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो. आम्ही इंदोरला राजेंद्रनगरात राहतो, मी शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, हे सरकारी खात्यातून. मूल नाही, आणि त्यावर जे काय रडायचं ते तरुणपणीच रडून झालंय, तेव्हा इथे त्याबद्दल काही नाही. इथे आहे ते "उसके बाद" चं उत्तर शोधताना दोन वर्षांत आम्ही काय काय केलं आणि कुठे आपटलो ते. मी वकील नाही, तुमचा अंतिम मसुदा वकिलाला दाखवाच, पण वकिलाकडे जायच्या आधी घरी बसून करायचं काम खूप असतं आणि ते कुणी सांगत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते कागदावर मांडा

वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, नसली की कायदा वाटणी करतो, आणि कोणी तुमचं दुखणं-खुपणं काढलं हे कायद्याला माहीत नसतं.

माझी एक मावशी होती, लग्नानंतर वर्षभरातच विधवा झालेली, आयुष्यभर शाळेत शिकवलं, पै पै साठवून रामबागेत दोन खोल्यांचं घर बांधलं. शेवटचं दीड वर्ष माझ्या धाकट्या बहिणीनं तिचं सगळं केलं, अगदी बेडपॅनपासून. मावशी म्हणायची घर तुलाच, सगळ्यांसमोर म्हणायची, पण लिहून काही ठेवलं नाही. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याचे पुतणे आले, ज्यांना आम्ही लग्नाच्या फोटोतसुद्धा ओळखलं नसतं, आणि कायद्यानं घर त्यांचं झालं. बहिणीला मिळाला मावशीचा तांब्याचा बंब, तोही त्यांच्या गाडीत मावला नाही म्हणून.

यात त्यांनी लबाडी काही केली नाही बरं का. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५ असंच सांगतं. बाईला मूल नाही, नवरा नाही, वसीयत नाही, तर तिनं स्वतः कमावलेलंही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिचे आईवडील त्याच्यानंतर, आणि भाऊबहिणी त्याच्याही नंतर. फक्त आईवडिलांकडून वारशानं आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात अशीच एक केस गेली होती, नवरा वारल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलेली बाई, स्वतःच्या नोकरीची सगळी कमाई, आणि तरी ती सासरच्याच वारसांना मिळाली.

मी गणिताची बाई, म्हणून वहीत दोन्ही शक्यता मांडून बघितल्या. मी आधी गेले तर माझं यांना, मग यांच्या भावंडांना. हे आधी गेले तर यांचं मला, आणि मग पुन्हा यांच्याच भावंडांना. म्हणजे कोणीही आधी जावो, माझ्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये माझ्या बहिणीच्या मुलीचा वाटा शून्य! समोर लिहिलेलं बघितल्यावर यांनाही पटलं.

पुरुषांच्या बाजूलाही एक खाच आहे. बायको, आई, वडील कोणी नसेल तर भाऊ-बहीण वारस होतात, पण एखादा भाऊ आधीच वारलेला असेल तर त्याची मुलं खालच्या पायरीवर जातात. एक जरी भाऊ किंवा बहीण हयात असली तरी त्या पुतण्यांना काही नाही. तुमच्याकडे येणारा-जाणारा, औषधं आणून देणारा पुतण्या नेमका वारलेल्या भावाचा असेल तर आजच हे वाचून उठा. आणि खरंच कोणीच नसेल तर सगळं सरकारजमा होतं. (हे हिंदू, जैन, शीख, बौद्धांचं. बाकीच्यांचे कायदे वेगळे आहेत.)

लाल वही

आता हे कंटाळवाणं काम, पण हेच सगळ्यात उपयोगी. एक जाड वही घ्या आणि एकेका पानावर एकेक गोष्ट लिहा. बँक खाती, एफडी, पीपीएफ, पोस्ट, एलआयसी, म्युच्युअल फंड, डिमॅट, लॉकर, पेन्शनचा पीपीओ नंबर, घराची रजिस्ट्री कुठे ठेवलीय, नगर निगमच्या संपत्ती कराची पावती, गॅस, वीज, कोणाला उसने दिलेत, कोणाचे घेतलेत.

आम्हाला या खटाटोपात यांचं स्टेट बँक ऑफ इंदोरचं एक पासबुक सापडलं, जी बँक २०१० मध्येच स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पैसे फार नव्हते पण ते खातं आम्ही दोघंही साफ विसरलो होतो, आणि आम्हीच विसरलो तर नंतर कोण शोधणार. दहा वर्षं कोणी हात लावला नाही की असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. ते परत मागता येतात, उद्गम नावाच्या पोर्टलवर शोधताही येतात, पण त्यासाठी शोधणारं माणूस हवं ना.

फोनचा पिन आणि पासवर्ड वसीयतीत लिहू नका, ती दहा लोक वाचतात. वेगळ्या पाकिटात ठेवा. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, ठराविक महिने तुम्ही अकाउंट वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला तुमचे फोटो वगैरे मिळतात, भाचीनं दहा मिनिटात करून दिलं.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना अजून पटत नाही. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, ते वारसांपर्यंत पोचवणारा. मालकी वसीयतीनं ठरते, वसीयत नसेल तर कायद्यानं. कोर्टानं हे विम्याबाबत १९८३ मध्ये सांगितलंय आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये. विम्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर आता पैसा त्यांचाच होतो, पण भाचा-पुतण्या त्यात बसत नाही. तेव्हा नॉमिनी आणि वसीयत यांत एकच नाव ठेवा, नाहीतर भांडण तुम्हीच लावून जाल.

एकमेकांना नॉमिनी करून थांबलेल्या जोडप्यांसाठी चांगली बातमी म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्के वाटून किंवा एकामागून एक. आम्ही एकामागून एक केलं, आधी जोडीदार, मग भाची. लॉकरला फक्त एकामागून एकच चालतं. त्या काउंटरवरच्या मुलीकडेच जाऊन फॉर्म भरला, ती हसली.

वसीयत

साधा कागद चालतो. स्टॅम्प ड्युटी नाही. हातानं लिहिली तरी चालते. दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं, मग त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. इथेच लोक गडबड करतात, एकाची सही सकाळी, दुसऱ्याची संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन. असं करू नका. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान घ्या, आमच्या ओळखीत एकांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याआधीच गेले. सत्तरी ओलांडली असेल तर डॉक्टरचं त्याच तारखेचं सर्टिफिकेट जोडा की बुद्धी शाबूत आहे.

रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण मूल नसलेल्यांनी करावंच असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्या मागे "हो, ही सही बाबांचीच" असं सांगणारं घरात कोणी नसतं. मध्यप्रदेशात आता सगळी रजिस्ट्री संपदा २.० या सरकारी पोर्टलवर चालते, स्लॉट ऑनलाइन घ्यायचा, आधार न्यायचं, साक्षीदार न्यायचे. वसीयत कितीदाही बदलता येते, शेवटची ती खरी.

मजकुरात तीन गोष्टी हमखास राहतात. एक, नवरा-बायकोनं दोन वेगळ्या वसीयती करायच्या, आणि दोन्हीत "जोडीदार आधी गेला असेल किंवा दोघं एकदम गेलो तर" हे वाक्य हवं, नाहीतर पहिला गेल्यावर गाडी पुन्हा कायद्याच्या रुळावर. दोन, ज्याला देताय तोच आधी गेला तर त्याचा वाटा आपोआप त्याच्या मुलांकडे जात नाही. स्वतःच्या मुला-नातवंडांना ती सवलत आहे, भाच्या-पुतण्यांना नाही. म्हणून "तो नसेल तर त्याच्या मुलांना" हे शब्द लिहाच. तीन, "याशिवाय जे काही राहील ते अमुक यांना" ही शेवटची ओळ. तुम्ही विसरलेलं पासबुक याच ओळीत सापडतं.

आणि एक्झिक्युटर, म्हणजे हे सगळं प्रत्यक्ष करणारा माणूस. आम्ही आधी यांच्या एका जुन्या मित्राचं नाव घातलं होतं, अतिशय सज्जन, पण वय ७४! आणि शिवाय साधं लाइट बिल वेळेवर भरत नाहीत. मग आम्ही एक युक्ती केली जी पुढे सगळ्याच बाबतीत वापरली, ती म्हणजे आधी चालवून बघायचं. भाचीला आणि एका पुतण्याला, दोघांनाही न सांगता, एकेक किचकट काम दिलं. तिला माझ्या पेन्शनमधली चूक दुरुस्त करून आणायला सांगितलं, त्याला सोसायटीचं नामांतरण, म्हणजे कागदावरचं नाव बदलून आणायला. पुतण्यानं पाच वेळा "हो काकू, बघतो" म्हटलं. भाची तीन वेळा ऑफिसात जाऊन आली आणि प्रत्येक खेपेला काय झालं ते व्हॉट्सअॅपवर कळवलं. एक्झिक्युटर ती. पुतण्या वाईट नाही, त्याला आम्ही वाटा दिलाय, काम नाही दिलं. दुसरा पर्यायी माणूसही लिहून ठेवा.

घर आत्ता कोणाच्या नावावर करू नका

यावर मी भांडायला तयार आहे. "मावशी, आत्ताच दानपत्र करून टाका, नंतर कटकट नको" असं म्हणणाऱ्याला चहा पाजा, पोहे खाऊ घाला आणि परत पाठवा. वसीयत तुम्ही गेल्यावर लागू होते, दानपत्र त्याच दिवशी. तरी करायचंच असेल तर त्यातच लिहा की मला शेवटपर्यंत या घरात राहू द्यायचं आणि माझी देखभाल करायची. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये अशी अट मोडली तर दान रद्द करून घेता येतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्यप्रदेशातल्याच एका आईला तिचं घर असं परत मिळवून दिलं. याच कायद्यात आपल्यासारख्यांसाठी खास तरतूद आहे. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून पोटगी मागता येते, एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे.

मरणाच्या अलीकडचं

पॉवर ऑफ अटर्नी करून लोक निश्चिंत होतात. पण माणसाची बुद्धी गेली की ती संपते आणि माणूस गेला की तर संपतेच, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा ती कामाची नाही. आयसीयूत व्हेंटिलेटर लावायचा की नाही, यासाठी लिव्हिंग विल वेगळं करावं लागतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. त्यात तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं घाला. त्यांना आधी विचारा, आमच्या भाचीला रडू आलं होतं, दोन दिवस घेतले तिनं.

नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस, पंखा बंद. देहदानाचा फॉर्म एमजीएम मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमी विभागाचा. पण फॉर्म भरून काय, फोन कोणी तरी करायला लागतो आणि होकारही त्या वेळी जवळच्या माणसालाच द्यावा लागतो. शेजारच्या दोन घरी नंबर देऊन ठेवलाय.

आणि हो, अग्नी कोण देणार, पिंड कोण घालणार. हे लोक तोंडावर विचारतात, लग्नकार्यात, पंगतीत विचारतात. तुम्हाला जे हवं ते लिहा आणि आता सांगून टाका. माझ्या कागदावर भाचीचं नाव आहे, आणि दहाव्याला कावळा नाही शिवला तर थांबू नका असंही लिहिलंय.

आता खरं, म्हणजे द्यायचं कुठे

आपण इंदोरची माणसं, अहिल्याबाईंचं नाव रोज घेतो, पण एक गोष्ट मला या सगळ्यात पहिल्यांदा नीट कळली. मुलगा मालेराव १७६७ मध्येच गेला, मुलगी मुक्ता १७९१ मध्ये सती गेली. १३ ऑगस्ट १७९५ ला बाई गेल्या तेव्हा त्यांचं एकही मूल हयात नव्हतं. पण घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं यांना पैसा येत होता तो खासगीतून, म्हणजे दौलतीपासून वेगळं ठेवलेलं, सासू गौतमाबाईंकडून आलेलं उत्पन्न. नुसता घाट बांधून त्या थांबल्या नाहीत, घाटावरच्या दिव्याला तेल कुठून येणार हेही ठरवलं. आपली झेप तेवढी नाही, पण प्रश्न तोच विचारायचा, तेल कुठून येणार.

म्हणून पंख्याच्या पात्यावर नाव रंगवून देणं मला पटत नाही. तीन पात्यांवर तीन नातेवाईक, आणि पंखा चालू झाला की एकही वाचता येत नाही.

आम्ही शिष्यवृत्ती ठरवली. हिशोब सांगते. सहा लाखाची एफडी, साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ३९,००० व्याज. सगळं वाटलं तर दहा वर्षांनी त्यात एका मुलीची फीसुद्धा बसणार नाही, म्हणून पाव भाग मुद्दलात परत टाकायचा, वाटायचे साधारण २९,०००. दोन मुलींना पुरतात, जेईई-नीटच्या क्लासला नाही, पण पॉलिटेक्निक, नर्सिंग, बसचा पास, यांना.

वसीयतीत लिहायच्या आधी दोन वर्षं हेही चालवून बघितलं, आणि बरं झालं. पहिल्या वर्षी एका शाळेला पैसे दिले, तर त्यांनी गॅदरिंगमध्ये मुलीला स्टेजवर बोलावून "गरीब" म्हणून माइकवर पुकारलं. ती मुलगी खाली मान घालून बुटाकडे बघत होती, बूट नवीन होते, पांढरे, बहुधा कोणाचे तरी मागून आणलेले. मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या वर्षी दुसरी संस्था शोधली आणि पहिलीच अट लिहून दिली की नाव जाहीर करायचं नाही, फोटो काढायचा नाही, फी थेट कॉलेजात भरायची.

संस्था कशी बघायची? न सांगता जा, सकाळी अकरा वाजता. ऑडिट रिपोर्ट मागा, त्यांनी तोंड वाकडं केलं की उठा. आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सूट) ची नोंदणी बघा. जुन्या टॅक्स पद्धतीत ८०जी ची सूट मिळते, पण दोन हजारांवर रोख दिले तर नाही. रक्कम "कॉर्पस" म्हणून द्यायची, म्हणजे मुद्दल मोडायचं नाही, आणि ते पत्रात लिहून घ्यायचं. संस्था बंद पडली तर पैसे कोणाकडे जातील तेही.

स्वतःचा ट्रस्ट काढावा का? लोकांना फार हौस असते. पब्लिक ट्रस्ट म्हटलं की मध्यप्रदेशात १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी ऑडिट, रिटर्न, मीटिंगा, आणि ट्रस्टी कोण, तर आपलेच मित्र, आपल्याच वयाचे. पाच-दहा लाखासाठी हा खटाटोप नको.

पैसा सोडून बाकीचं

यांची पुस्तकं, जवळजवळ चारशे, आम्ही एका वाचनालयाला दिली, विचारलं नाही, नुसती रिक्षात घालून नेली. सहा महिन्यांनी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात यांच्या सहीचं पुस्तक मिळालं, वीस रुपयाला. हे काही बोलले नाहीत, वीस रुपये देऊन विकत आणलं. चूक आमचीच, आधी यादी पाठवायची, काय हवंय ते विचारायचं, उरलेली ज्याची त्याला द्यायची.

मोडी कागद मात्र रद्दीत घालू नका. इंदोरच्या जुन्या मराठी घरांतून माळ्यावर होळकरी काळातली दफ्तरं असतात. मंदसौर जिल्ह्यात सीतामऊला नटनागर शोध संस्थान आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आधी फोन करून विचारा. फोटोंच्या मागे पेन्सिलनं नावं लिहा, बॉलपेनची शाई पुढे उमटते. दागिने, पैठणी, भांडी हातानं द्या, आत्ता द्या, आणि देताना त्याची गोष्ट सांगा. माझी हार्मोनियम मी गल्लीतल्या एका मुलाला दिली, रोज संध्याकाळी सहाला वाजते, सूर चुकला की मी गॅलरीतून ओरडते.

दरवर्षी पितृपंधरवड्यात आम्ही लाल वही उघडतो आणि जे बदललं ते बदलतो. मूळ वसीयत लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच कागद मागतात. ती घरी कपाटात, एक प्रत भाचीकडे, एक वकिलाकडे. यंदा हार्मोनियमच्या ओळीवर काट मारली, दोन बंद एफडी खोडल्या आणि शेवटच्या पानावर एक नवीन नाव आलं, ते म्हणजे मांजर. गेल्या पावसात आली आणि गेलीच नाही. समोर लिहिलंय, "खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारायचं." अजून विचारलेलं नाही, त्यांना मांजर आवडत नाही.